मागच्या पेटीतलं तेल

दिवाळी अंक हातात पडेपर्यंत नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात फळछाटण्या उरकत आलेल्या असतात आणि फवारणीचे ब्लोअर सुरू झालेले असतात. छाटणीनंतरचे पहिले दीड-दोन महिने डाऊनी या बुरशीच्या रोगाचे. पाऊस पडला तर फवारणी, दव पडलं तर फवारणी, नुसतं आभाळ भरून आलं तरी फवारणी. त्या काळात बागायतदार ट्रॅक्टरकडे बघतो ते डिझेल भरण्यापुरतं. म्हणून त्याची सर्व्हिसिंग त्याआधी, बहुतेक ठिकाणी खंडेनवमीच्या आसपास होते. ट्रॅक्टर धुवायचा, ऑइल बदलायचं, हार घालायचा. पिंपळगाव, ओझर, दिंडोरी, चांदवड, कुठल्याही बाजारगावातल्या ऑइलच्या दुकानात त्या आठवड्यात गर्दी असते आणि काउंटरवरचा संवाद ठरलेला. “अण्णा, इंजिनाला कुठलं देऊ?” यावर अण्णांचं मत पक्कं असतं. कंपनी ठरलेली, डब्याचा रंगही ठरलेला. शेजारच्या माणसाशी त्यावरून वाद घालायचीही त्यांची तयारी असते. मग दुकानदार विचारतो, “आणि मागच्याला?” त्यावर उत्तर येतं, “द्या काहीतरी, हायड्रॉलिकचं.”

माझं म्हणणं एवढंच आहे की हे नेमकं उलटं व्हायला हवं. इंजिन ऑइलच्या निवडीत आज चुकायला फारशी जागा उरलेली नाही. छोट्या ट्रॅक्टरचा खरा जीव मागच्या पेटीत असतो, आणि तिथे “काहीतरी” चालत नाही.

छोटा ट्रॅक्टर म्हणजे साधारण पंधरा ते तीस अश्वशक्तीचा. द्राक्षाच्या दोन ओळींमधल्या आठ-नऊ फुटांत, वेलीच्या मांडवाखालून जाईल असा. पूर्वी गावात मिनी ट्रॅक्टर म्हटलं की मित्सुबिशी शक्ती समोर यायचा. पुढे महिंद्राचा युवराज आला, जिवो आला, कुबोटाचे निओस्टार आले, सोनालिकाचा बागबान आला. यांत पंधरा अश्वशक्तीचा एका सिलिंडरचा युवराज आहे आणि तीन सिलिंडरचा, चारही चाकांना जोर असलेला कुबोटाही. सगळ्यांत सारखी गोष्ट ही, की लहान अंगात मोठ्या ट्रॅक्टरची सगळी आतडी कोंबलेली असतात. गिअर, डिफरन्शियल, अवजाराला फिरता जोर देणारा पीटीओ, लिफ्ट, ब्रेक, काहींत पॉवर स्टिअरिंगही. काम मात्र लहान नसतं. सहाशे लिटरची टाकी आणि पंखा ओढत, पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे राखत, इंजिन तासन् तास एकाच चढ्या गतीवर चालतं. इंजिनात तेल मावतं तीन ते पाच लिटर. मोठ्या ट्रॅक्टरच्या तुलनेत हे थोडंच, त्यामुळे तेवढीच धूळ, तेवढीच काजळी इथे जास्त बाधते.

आधी नंबरांचा घोळ निस्तरला पाहिजे, कारण दुकानातली निम्मी चूक तिथेच होते. आपल्याकडे तेलाला नंबरानं ओळखतात. चाळीस नंबर, नव्वद नंबर, अडुसष्ट नंबर. ऐकणाऱ्याला वाटतं की नव्वद सर्वांत घट्ट, मग अडुसष्ट, आणि चाळीस सर्वांत पातळ. तसं नाही. हे तिन्ही आकडे तीन वेगवेगळ्या मापांवरचे आहेत. ‘४०’ हा अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचा इंजिन ऑइलसाठीचा दर्जा आहे. तेल १०० अंश सेल्सिअसला तापवल्यावर त्याचा घट्टपणा, म्हणजे वाहताना होणारा अडथळा, १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असेल तर ते ४०. ‘९०’ हा त्याच संस्थेचा, पण गिअर ऑइलसाठीचा वेगळा तक्ता आहे, आणि नव्वद नंबरचं गिअर ऑइल घट्टपणात इंजिनाच्या चाळीस-पन्नासच्या आसपासच भरतं. ‘६८’ तर तिसऱ्याच मापाचा. तो औद्योगिक तेलांचा आयएसओ दर्जा, आणि तो मोजतात ४० अंशाला. ४० अंशाला ६८ सेंटिस्टोक्स असलेलं तेल १०० अंशाला जेमतेम साडेआठ-नऊवर येतं, म्हणजे इंजिनाच्या तीस नंबरपेक्षाही पातळ. तिघांत सर्वांत पातळ अडुसष्ट. “अडुसष्ट नाहीये दादा, चाळीस टाकू का, जरा पातळ आहे एवढंच,” असा सल्ला जेव्हा मिळतो तेव्हा सल्ला देणारा उलट्या दिशेनं जात असतो.

आता इंजिन. डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू थंडीचा. १५डब्ल्यू म्हणजे उणे २० अंशालाही इंजिन फिरू शकेल इतपत तेल सैल राहतं, २०डब्ल्यू म्हणजे उणे १५ला. महाराष्ट्रात सर्वांत कडक थंडीच्या बातम्या निफाडच्या असतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा एखाद्या जानेवारीत दोन-तीन अंशांवर उतरतो आणि बागायतदार रात्रभर शेकोट्या पेटवतात. द्राक्षमण्यांसाठी ती थंडी वैरीण आहे खरी, पण २०डब्ल्यूच्या दृष्टीनंही तो उन्हाळाच. तेव्हा “थंडीत ५डब्ल्यूचं सिंथेटिक घ्या” असं कोणी नाशकात सांगत असेल तर तो ते विकण्यासाठी सांगतो आहे, एवढं समजावं. उरलेला ४० आपल्या उन्हाळ्याला आणि ब्लोअरच्या सततच्या ताणाला पुरतो.

घट्टपणापेक्षा डब्यावरची इंग्रजी अक्षरं जास्त महत्त्वाची. एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या वर्गवारीत डिझेल इंजिनांच्या तेलाचं पहिलं अक्षर सी, आणि पुढचं अक्षर जितकं पुढचं तितकं तेल नवं. सीएफ-४ हे १९९० सालचं, सीएच-४ १९९८चं, सीआय-४ २००२चं, सीके-४ २०१६च्या अखेरीचं. शेवटचा चार हा चार स्ट्रोकचा. पेट्रोल इंजिनांचं तेल एस अक्षरानं सुरू होतं. हे सांगण्याचं कारण असं, की मोटारसायकलसाठीही आपल्याकडे २०डब्ल्यू-४०च मिळतं, आणि घरात पडलेला तो एक लिटरचा डबा ट्रॅक्टरमध्ये ओतला जातो. आकडे तेच, पण त्यात डिझेलची काजळी सांभाळायची ताकद त्या मापाची नसते.

काजळीचंही एकदा सांगून टाकतो. नवं ऑइल टाकल्यावर आठ दिवसांत काळं झालं म्हणून दुकानदाराशी भांडणारे कितीतरी. डिझेल इंजिनात तेल काळं व्हायलाच हवं. काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देता तरंगत ठेवणं हे तेलातल्या रसायनाचं काम आहे आणि काळा रंग ही त्या कामाची पावती. आठवडे उलटूनही तेल सोनेरीच राहिलं, तर काजळी कुठे साठते आहे याची मला जास्त काळजी वाटेल. रंगापेक्षा पातळी बघावी. पट्टीवर तेल कमी झालं तर इंजिन ते खातंय किंवा गळतंय. वाढलं, तर त्यात डिझेल उतरतंय, आणि ही गोष्ट गंभीर आहे.

जुन्या मिस्त्रींचा एक आग्रह असतो, शंभर-सव्वाशे तासांत ऑइल बदलायचंच. त्याला एके काळी चांगलं कारण होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्या डिझेलमध्ये गंधक एक टक्क्यापर्यंत चालायचं. गंधक जळलं की त्याचं आम्ल होतं, ते इंजिनात उतरतं, आणि त्याला मारायला तेलात अल्कली घातलेली असते. गंधक जास्त तर अल्कली लवकर संपते. कुबोटाच्या पुस्तिकांत आजही असं वाक्य सापडतं, की जास्त गंधकाचं डिझेल वापरत असाल तर तेल निम्म्या तासांतच बदला. पण १ एप्रिल २०२०पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाखात दहा भाग, म्हणजे त्या जुन्या एक टक्क्याच्या हजाराव्या हिश्शाइतकी. मिस्त्रींचा नियम चुकीचा नव्हता, त्याच्या खालचं डिझेल बदललं. (द्राक्षवाल्याकडे गंधक आता ट्रॅक्टरच्या टाकीपेक्षा फवारणीच्या टाकीत जास्त.) पहिली सर्व्हिस मात्र पन्नास तासांना, चुकवायची नाही. नव्या इंजिनातला धातूचा कीस त्या तेलाबरोबर बाहेर जातो. त्यानंतर पुस्तिका बहुतेक अडीचशे तासांच्या आसपासचा आकडा देते. हंगामात रोज चार तास ब्लोअर चालला तर अडीचशे तास दोन महिन्यांतच भरतात, हे लक्षात ठेवून छाटणीआधीच बदल करणं शहाणपणाचं. उलट ज्याचा ट्रॅक्टर वर्षाला शंभर तासही चालत नाही, त्यानं तास न मोजता वर्षातून एकदा बदलावं. तेल उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

तर निकाल असा: पुस्तिकेत लिहिलेलं १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४०, सीएच-४ किंवा सीआय-४ दर्जाचं, सर्वो असो, मॅक असो, कॅस्ट्रॉल असो, गल्फ असो, खरा डबा असला की झालं. पंचवीस अश्वशक्तीच्या आपल्या ट्रॅक्टरांना काजळीची गाळणी असलेला सायलेन्सर अजून नाही, त्यामुळे कमी राखेचं महागडं तेलही लागत नाही. लहान इंजिनं तेलापायी मरतात त्यापेक्षा जास्त धुळीपायी मरतात. अनेक ट्रॅक्टरांच्या एअर क्लीनरच्या वाटीत तेल असतं आणि हवा त्यातून धूळ सोडून पुढे जाते. त्या वाटीत चिखल साचलेला आणि इंजिनात सर्वांत भारी ऑइल, असं दृश्य मी अनेक गॅरेजांत पाहिलेलं आहे.

आता मागे जाऊ. ट्रॅक्टरच्या सीटखाली आणि चाकांच्या मध्ये जी बिडाची पेटी असते, तिच्यात दहा-बारा लिटरपासून वीस लिटरपर्यंत तेल असतं. हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसानं नांगराला ट्रॅक्टरशी तीन बिंदूंनी जोडून तेलाच्या दाबावर उचलायची युक्ती काढली आणि १९३९च्या फोर्ड-फर्ग्युसनपासून ती जगभर गेली. आजची आपली लिफ्ट तीच. पुढे कंपन्यांनी खर्च आणि जागा वाचवायला गिअर, डिफरन्शियल आणि लिफ्ट यांना एकाच पेटीतलं एकच तेल द्यायला सुरुवात केली. मग ब्रेकही त्याच तेलात बुडवले. चिखलात, पाण्यात सुके ब्रेक घसरतात म्हणून आलेले हे ऑइल ब्रेक खरोखर चांगले आहेत. पण त्यामुळे त्या एका तेलावर परस्परविरोधी मागण्या येऊन पडल्या. पंपाला हवं पातळ, फेस न होणारं, गाळणीतून सहज ओढलं जाणारं तेल. डिफरन्शियलच्या दातांना हवं दाबाखाली न तुटणारं. ब्रेकच्या तबकड्यांना हवं घर्षण, तेही मोजून. फार निसटतं तेल असेल तर ब्रेक लागत नाही, फार कोरडं असेल तर तबकड्या अडकत-सुटत कर्रर्र असा आवाज करतात. या सगळ्यांचा मेळ घालणाऱ्या तेलाला यूटीटीओ म्हणतात. दुकानात ते ‘ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइल’ या नावानं मिळतं, आणि कुबोटा आपल्या पुस्तिकेत त्याला यूडीटी म्हणते.

इथे अडुसष्ट नंबर टाकलं तर काय होतं? पहिले काही दिवस काहीच नाही, म्हणूनच ते खपतं. पंप खुश असतो, लिफ्ट झटकन उठते. अडुसष्ट हे जेसीबीच्या किंवा कारखान्यातल्या प्रेसच्या हायड्रॉलिकसाठी बनलेलं तेल आहे. दातांसाठी आणि ब्रेकसाठी लागणारा मसाला त्यात नाही. महिन्या-दोन महिन्यांनी ब्रेक ओरडू लागतात, आणि पिनियनचे दात झिजत असतात ते ऐकूही येत नाही. नव्वद नंबर टाकलं तर उलटं दुखणं. दात सुखात, पण गार सकाळी पंपाला ते ओढवत नाही, घूं घूं आवाज येतो, लिफ्ट धक्के देत उठते. शिवाय दाताला वाचवण्यासाठी घातलेली त्यातली गंधकयुक्त रसायनं तापल्यावर पंपातल्या पितळी-काशाच्या भागांना खातात. आणि ब्रेकची पकड कमी होते. उताराच्या बागेत भरलेली टाकी घेऊन उतरताना ती कमी झालेली कळते.

म्हणून नव्वद नंबर वाईट, असा अर्थ कोणी काढू नये. काही ट्रॅक्टरांत लिफ्टचं तेल वेगळ्या कप्प्यात असतं, ब्रेक सुके असतात, आणि तिथे गिअरला नव्वदच बरोबर. चारही चाकांना जोर असलेल्या कित्येक ट्रॅक्टरांच्या पुढच्या आसात स्वतःचं वेगळं तेल असतं, जे कुणाच्या लक्षातच नसतं. म्हणजे शेजाऱ्यानं काय टाकलं याला काही अर्थ नाही. एकाच शिवारात, एकाच रंगाच्या दोन मॉडेलांची उत्तरं वेगळी असू शकतात.

या तेलाचा इतिहास चमत्कारिक आहे. अमेरिकेत जॉन डिअरनं आपल्या ट्रॅक्टरांसाठी ‘३०३’ नावाचं तेल ठरवून दिलं होतं. त्यातल्या ब्रेकला लागणाऱ्या नेमक्या घर्षणाचं रहस्य होतं स्पर्म व्हेलचं तेल. १९७० साली अमेरिकेनं या व्हेलला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं, १९७३च्या कायद्यानं तिच्या तेलाचा मार्ग बंद झाला. रसायनतज्ज्ञांना तो गुण देणारं दुसरं काहीतरी शोधावं लागलं, कंपनीनं ३०३ सोडून नवे दर्जे काढले, आणि आज डब्यांवर दिसणारा जे-२०सी त्याच घराण्यातला. पण ३०३ हे नाव मेलं नाही. कोणाच्याही मालकीचं नाही आणि त्याची परीक्षाही कोणी घेऊ शकत नाही, असं हे नाव घेऊन स्वस्त तेलांच्या पिवळ्या बादल्या पुढची चाळीस वर्षं तिथल्या दुकानांत विकल्या गेल्या. मिसुरी राज्याच्या कृषी विभागानं तपासणी करून २०१७मध्ये त्या विक्रीला मज्जाव केला. नंतर खटले झाले, तडजोडी झाल्या. आयोवा-मिसुरीचा शेतकरी वाचत नाही असं नाही. त्यालाही मागच्या पेटीसाठी “काहीतरी हायड्रॉलिकचं” हवं होतं आणि बादली स्वस्त होती.

आपल्याकडे त्या बादलीचे भाऊ आहेत. ‘सर्व ट्रॅक्टरांसाठी’ एवढंच मोठ्या अक्षरात छापलेले डबे. अशा डब्याला मागे वळवावं आणि बारीक अक्षरं वाचावीत. कुठल्या कंपनीचा कुठला दर्जा पुरा होतो हे आकड्यांत लिहिलेलं हवं, आणि तो आकडा पुस्तिकेतल्या आकड्याशी जुळायला हवा. ‘वापरास योग्य’ आणि ‘मान्यताप्राप्त’ यांत फरक आहे. पहिलं विकणारा स्वतः म्हणतो, दुसरं ट्रॅक्टर बनवणारा. बनावट मालाचा धोका आहेच, आणि नामांकित डब्यांना तो जास्त. म्हणून बिल घ्यावं, बॅच नंबर बघावा, झाकणाची पट्टी आधी तुटलेली नाही ना ते पाहावं, आणि रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडावं. गॅरेजवाले या शेवटच्या सल्ल्यावर हसतात. हसू द्यावं.

द्राक्षपट्ट्यापासून दीड तासावर, त्याच जिल्ह्यात, इगतपुरीची भातखाचरं आहेत. तिथे हाच छोटा ट्रॅक्टर जुलैत गुडघाभर पाण्यात रोटाव्हेटर लावून चिखलणी करतो. तिथलं दुखणं नंबराचं नाही, पाण्याचं आहे. झिजलेल्या सीलमधून, श्वासनळीच्या झाकणातून पाणी पेटीत जातं आणि तेल ताकासारखं दुधी होतं. गरम पेटी एकदम गार पाण्यात गेली की आतली हवा आक्रसते आणि पाणी ओढून घेते. चिखलणीनंतर निचरा बोल्ट किंचित सैल करून पहिले थेंब बघायची सवय तिथल्या काही चालकांना आहे. पाणी तेलाखाली बसतं, म्हणून ते आधी येतं. शंका असेल तर जुना तवा तापवून त्यावर चमच्याने दोन थेंब टाकावेत. हजारात एक-दोन भाग पाणी असलं तरी तडतड ऐकू येते, कोरडं तेल गुपचूप पसरतं. तोंड लांब ठेवावं. दुधी झालेलं तेल उकळून, निवळून पुन्हा वापरता येत नाही, कारण पाण्यानं आतली रसायनं मोडलेली असतात.

मागचं तेल बदलायचा काळ इंजिनाच्या दोन ते चारपट लांब असतो, त्यामुळे ते विसरलं जातं, आणि एकदम पंधरा-वीस लिटर लागतं म्हणून पुढे ढकललं जातं. बदलताना लिफ्टचे हात खाली सोडावेत, नाहीतर सिलिंडरमधलं जुनं तेल आतच राहतं. पेटी गरम असताना निचरा करावा. ओढणीची जाळी आणि गाळणी साफ किंवा नवी करावी. नवं तेल भरून लिफ्ट चार-पाचदा वर-खाली करावी आणि मग पुन्हा पातळी बघावी, ती खाली गेलेली असते. इतकं करूनही थोडंफार जुनं तेल कोपऱ्याकोपऱ्यांत उरतंच. म्हणून अडुसष्टवरून यूटीटीओवर येणाऱ्यानं पहिला बदल लवकर, शंभर तासांत, पुन्हा करावा असं मी म्हणेन. खर्च आहे. ब्रेकच्या तबकड्या आणि पिनियनचा जोड बदलण्याच्या खर्चापुढे तो कमीच भरतो, आणि ती कामं डिसेंबरात निघाली तर बागेत मणी फुगत असतात.

थंडीतली एक तक्रार ऐकली की मात्र लगेच पाना उचलू नये. निफाडकडे पहाटे लिफ्ट उशिरा, जड उठते आणि पंप गेला असं वाटतं. गार तेल घट्ट असतं, इतकंच. इंजिन पाच मिनिटं हळू गतीवर चालवावं. त्यानंतरही आवाज येत असेल तर आधी ओढणीची जाळी बघावी, मग पातळी, मग पंप.

काढलेल्या तेलाचं काय? शेतात ते कुंपणाच्या खांबांना लागतं, वाळवीवर ओतलं जातं, विहिरीवरच्या साखळीला लागतं, उरलेलं बांधावर. २०१६च्या नियमांनुसार वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जायला हवं. एप्रिल २०२४पासून तेल बनवणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करण्याची जबाबदारीही आली आहे. गावातल्या गॅरेजातून ते बॅरलमध्ये साठून भंगारवाल्याकडे जातं, इंजिनाचं आणि मागच्या पेटीचं एकत्र. ज्याच्याकडून ऑइल घेता त्या दुकानदारालाच विचारावं, जुनं परत घेता का. अजून बहुतेक जण नाही म्हणतात.